प्रश्न विचारण्याचा गुन्हा : वर्धा, नागपूर आणि लैंगिक शिक्षणाचा शंभर वर्षांचा वाद

2007 सालच्या वसंतात महाराष्ट्रात दोन बातम्या पाठोपाठ आल्या. पहिली मुंबईतल्या विधिमंडळाची. केंद्र सरकारने 2005 पासून सुरू केलेल्या किशोरवयीन शिक्षण कार्यक्रमाच्या साहित्यावर सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाकांवरून आक्षेप घेतला गेला, आणि राज्यातल्या शाळांत लैंगिक शिक्षण देण्यावर बंदी आली. सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचे होते, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि शालेय शिक्षणमंत्री आमच्या विदर्भातले वसंत पुरके. दुसरी बातमी दिल्लीची. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने बालकांवरील अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या 12,447 मुलांशी बोलून तो तयार झाला होता, आणि त्या तेरांत महाराष्ट्र होता. निम्म्याहून अधिक, म्हणजे 53 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाही सांगितलेली नव्हती.

दोन्ही बातम्यांची कात्रणे मी एकाच पाकिटात ठेवली आहेत. मी इतिहासाचा पदवीधर नाही. नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी वाचनालयात बसून आणि रद्दीच्या दुकानांतून जुने अंक गोळा करून जे शिकता आले ते शिकलो. त्यामुळे मला एखाद्या सिद्धांतापेक्षा साधा प्रश्न अधिक सतावतो. इथे तो असा होता : जे मूल काही सांगू शकत नाही, त्याला सांगण्यासाठी लागणारे शब्दच देऊ नयेत असे सगळ्या पक्षांच्या समंजस माणसांना एकाच वेळी का वाटावे?

'हे पाश्चात्त्य खूळ आहे, आपल्या संस्कृतीत बसत नाही' हे उत्तर आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पण हा वाद 2007 मध्ये बाहेरून आलेला नव्हता. तो मराठी मुलखात, आणि त्यातला फार मोठा भाग नागपूरपासून हाकेच्या अंतरावर, आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळात होऊन गेलेला आहे. त्याचे कागद वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. माहितीला होणारा विरोध वरवरचा असतो. खरा राग येतो तो प्रश्न विचारणाऱ्याचा, आणि त्याला सरळ उत्तर देणाऱ्याचा.

वयाची भानगड

'किशोरवय' ही संज्ञा आपण सहज वापरतो, पण आजच्या अर्थाने हे वय आपल्याकडे फार जुने नाही. 1860 च्या दंडविधानात मुलीचे संमतिवय दहा वर्षांचे होते. 1891 मध्ये ते बारा करण्याचे विधेयक आले तेव्हा केवढे वादळ उठले, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कलकत्त्याची फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधामुळे मृत्यू पावली होती. तरीही परकीय सरकारने धर्मात ढवळाढवळ करू नये, असे 'केसरी'त टिळक ठामपणे मांडत होते. 1929 चा सारडा कायदा 1930 च्या एप्रिलपासून लागू झाला आणि मुलीचे लग्नाचे वय चौदा, मुलाचे अठरा ठरले. 1949 मध्ये मुलीचे वय पंधरा झाले. आजचे अठरा आणि एकवीस 1978 चे.

हे आकडे एका रांगेत मांडले की लक्षात येते, की वयात येणे आणि लग्न होणे यांच्यामध्ये जी पाच-दहा वर्षांची मोकळी पट्टी आज आहे, ती कायद्याने, शाळेने आणि नोकरीच्या शोधाने हळूहळू तयार केली. पूर्वीची मुलगी अज्ञानात राहत होती म्हणून शुद्ध होती, असे म्हणणाऱ्याने हे लक्षात घ्यावे, की तिला शिकवण्याआधीच तिच्यावर संसार येऊन पडत होता. तिचे अज्ञान टिकत नव्हते, तिची संमती तेवढी विचारली जात नव्हती. नव्या मुलामुलींना मात्र थांबायला सांगितले गेले, आणि थांबण्याच्या काळात पडणाऱ्या प्रश्नांची सोय कुणीच केली नाही.

ती सोय करायला निघालेला पहिला ठळक मराठी माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे.

एका मासिकाचे पत्रव्यवहार

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे हे थोरले चिरंजीव. जन्म 14 जानेवारी 1882. गणिताचे प्राध्यापक. 1921 मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, 1923 मध्ये त्या विषयावर पुस्तक लिहिले. 1925 मध्ये त्यांना विल्सन कॉलेजची नोकरी सोडावी लागली. हे कॉलेज ख्रिस्ती मिशनचे होते, हे ध्यानात ठेवावे. या विषयाची अडचण एकाच धर्माला होत नसे. 1930 च्या डिसेंबरात पोप अकरावे पायस यांनी कृत्रिम संततिनियमनाच्या विरोधात आज्ञापत्र काढले. इकडे पुण्यातले सनातनी कर्व्यांच्या मासिकाविरुद्ध तक्रारी करत होते. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे इथे एका सुरात बोलत.

हे मासिक म्हणजे 'समाजस्वास्थ्य'. जुलै 1927 मध्ये ते सुरू झाले आणि 1953 मध्ये कर्वे वारले त्या वर्षापर्यंत, सव्वीस वर्षे, बहुतांशी त्यांच्या एकट्याच्या पदरमोडीने चालले. त्याच्या मुखपृष्ठांची चर्चा अजून होते. माझ्या मते त्याचा प्राण वाचकांच्या प्रश्नांत होता. नाव न सांगता माणसे लिहीत : हस्तमैथुनाने अशक्तपणा येतो का, अमुक इच्छा विकृत आहे का, लग्नाआधी अमुक झाले तर काय. कर्वे चार ओळींत, कोरड्या भाषेत, बहुधा गणिताच्या मास्तराच्या चेहऱ्यानेच उत्तर देत. उपदेश नाही, धीर देण्याचा आव नाही. जे आहे ते असे आहे.

1931 मध्ये त्यांच्यावर पहिला खटला झाला तो व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल. 1934 मध्ये दुसरा झाला, तो नेमका या प्रश्नोत्तरांबद्दल. त्यांत हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध हे विषय आले होते. या खटल्यात कर्व्यांची बाजू मांडली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुणे कराराला तेव्हा दीड वर्षही झाले नव्हते. देशाच्या राजकारणात त्यांचे नाव कुठल्या कुठे गेले होते. तरी ते या अप्रिय माणसाच्या अप्रिय खटल्यात उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलेले सगळे आपोआप अश्लील ठरत नाही, आणि वाचकाच्या मनात विकृत कल्पना असतील तर त्या ज्ञानानेच दूर होतील, दडपणाने नव्हे, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय सांगितला जातो. खटला हरला. कर्व्यांना दंड झाला.

हरण्याचे एक कारण त्या काळच्या कायद्याच्या कसोटीत होते. इंग्लंडमधल्या 1868 च्या हिकलिन निकालापासून न्यायालये असे पाहत, की एखाद्या लिखाणामुळे, ज्यांच्या मनावर वाईट परिणाम होऊ शकतो अशांच्या हातात ते पडले तर, ती मने बिघडतील का. म्हणजे अश्लीलतेचे माप ठरले ते सर्वांत कोवळ्या मनाचा कल्पित वाचक घेऊन. भारतात ही कसोटी 2014 पर्यंत टिकली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती बाजूला ठेवली. या दीडशे वर्षांत कायद्याच्या नजरेत कोवळे मन म्हणजे बिघडू शकणारी एक वस्तू होती. त्या मनाला स्वतःचा एखादा प्रश्न असू शकतो, ही शक्यता कसोटीत बसतच नव्हती. कर्व्यांनी नेमकी ती शक्यता गृहीत धरली, आणि त्याची किंमत मोजली.

मगनवाडी, 1935; सेगाव, 1936

दुसऱ्या खटल्यानंतर पुरी दोन वर्षेही झाली नव्हती तोच या वादाचा दुसरा अंक नागपूरहून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर रंगला. डिसेंबर 1935 च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेतील संततिनियमन चळवळीच्या नेत्या मार्गारेट सँगर वर्ध्याला आल्या आणि गांधीजींना भेटल्या. गांधीजींचा मुक्काम तेव्हा मगनवाडीत होता. दोघांचे बोलणे सविस्तर झाले आणि महादेवभाई देसाईंनी त्याचा वृत्तांत 'हरिजन'मध्ये दिला. गर्भनिरोधक साधने गांधीजींना मान्य नव्हती. त्यांचा मार्ग संयमाचा. फार तर महिन्यातल्या सुरक्षित दिवसांची पद्धत त्यांना त्यातल्या त्यात कमी आक्षेपार्ह वाटली. सँगरबाई तिथून पुढे त्रिवेंद्रमला अखिल भारतीय महिला परिषदेच्या अधिवेशनाला गेल्या, आणि तिथे संततिनियमनाच्या बाजूने ठराव झाला.

ही भेट प्रसिद्ध आहे, आणि लैंगिक शिक्षणाचे विरोधक गांधीजींना आपल्या बाजूला उभे करतात ते तिच्याच आधारे. पण त्यानंतर अकरा-बारा महिन्यांनी काय झाले, ते सहसा कुणी सांगत नाही.

एप्रिल 1936 मध्ये गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले. पुढे त्याचे सेवाग्राम झाले. 21 नोव्हेंबर 1936 च्या 'हरिजन'मध्ये त्यांनी लैंगिक शिक्षणावरच एक लेख लिहिला. आपल्या शिक्षणपद्धतीत कामविज्ञानाला स्थान आहे का, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. ते म्हणतात, की हे शास्त्र दोन प्रकारचे आहे : एक वासनेवर ताबा मिळवण्याचे, दुसरे ती चेतवण्याचे. दुसरे त्याज्य. पहिले मात्र मुलांच्या शिक्षणाचा आवश्यक भाग आहे. जननेंद्रियांचे कार्य आणि त्यांचा योग्य उपयोग कोवळ्या मुलामुलींना शिकवला पाहिजे, या मताचे आपण आहोत, असे ते स्पष्ट लिहितात. त्यांनी दिलेले कारण तर आजच्या कुठल्याही समुपदेशकाचे वाटावे : मुले हे ज्ञान कुठून तरी मिळवतातच, आणि त्यामुळे भलत्या वाटेला लागतात, डोळे मिटून घेतल्याने वासनेवर ताबा येत नाही. शिकवणारा मात्र स्वतः संयमी असला पाहिजे, ही त्यांची अट होती.

या लेखातले गांधीजी कर्व्यांचे सोबती झाले, असे मी म्हणत नाही. एक संयमासाठी शिकवू पाहत होता, दुसरा निर्णयासाठी. कर्व्यांना तर ब्रह्मचर्याचा आग्रहच आरोग्याला घातक वाटे. पण वाद कशाचा होता ते नीट पाहू या. शिकवावे की नाही, यावर सेगावात आणि मुंबईत एकमत होते. मतभेद होता तो कशासाठी शिकवावे आणि कुणी शिकवावे, यावर. पुढे सत्तर वर्षांनी विधिमंडळात आणि संसदेच्या समितीत जे बोलले गेले, ते या दोन्ही टोकांच्याही मागे जाणारे होते. तिथे शिकवण्यालाच नकार मिळाला.

नागपूर, 20 जुलै 1942

आता नागपुरात येऊ. संततिनियमनाचा विषय बाबासाहेबांनी कर्व्यांच्या खटल्यानंतर सोडला नव्हता. 10 नोव्हेंबर 1938 रोजी मुंबई विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे या विषयावर ठराव आला. बाबासाहेब स्वतः हजर राहू शकले नाहीत म्हणून तो पी. जे. रोहम यांनी मांडला. सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा आणि त्याच्या सोयी कराव्यात, अशी मागणी होती. ठराव मोठ्या फरकाने फेटाळला गेला.

नंतर 1942 च्या जुलैत नागपुरात अखिल भारतीय दलित वर्गाची परिषद भरली, आणि तिच्याला जोडून 20 जुलैला दलित महिलांची स्वतंत्र परिषद झाली. अध्यक्षा होत्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी अशा मागण्या त्या व्यासपीठावरून झाल्या. या स्त्रियांचा इतिहास ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकात नोंदवून ठेवला नसता, तर आपल्यापर्यंत त्यातले फार थोडे आले असते.

बाबासाहेबांनी त्या दिवशी हजारो कष्टकरी बायांना काय सांगितले? स्वच्छ राहा, मुलांना शिकवा, त्यांच्यातला न्यूनगंड काढा. लग्नाची घाई करू नका. मुले आर्थिक जबाबदारी पेलू शकत नाहीत तोवर ते ओझे त्यांच्यावर लादू नका. लग्न करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की फार मुले होऊ देणे हा गुन्हा आहे. आणि पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते : लग्न झालेल्या मुलीने नवऱ्यासमोर त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे, त्याची गुलाम होऊ नये.

शाळेतला तास, पाठ्यपुस्तक, आकृती यांतले काहीही त्या सभेत नव्हते. समोर बसलेल्या बहुतेक जणींना लिहिता-वाचताही येत नसणार. तरीही आज जगभर ज्याला सर्वांगीण लैंगिक शिक्षण म्हणतात, त्याचे तीन पाय तिथे आहेत : शरीराची निगा, लग्नाच्या आणि मुलांच्या संख्येच्या निर्णयावरचा हक्क, आणि नात्यातली बरोबरी. 'सांस्कृतिक धक्का' बसून सभेतून कुणी उठून गेल्याचे ऐकिवात नाही. ज्यांच्या अंगावर बाळंतपणे येत होती, त्यांना हे बोलणे घरचे वाटले असणार. संस्कृतीला धोका कुणाच्या बोलण्याने वाटतो आणि कुणाच्या नाही, हे ऐकणाऱ्याच्या स्थितीवर पुष्कळ अवलंबून असते.

न विचारलेले

स्वातंत्र्यानंतर कुटुंबनियोजन सरकारी धोरण झाले. लाल त्रिकोण भिंतीभिंतींवर आला. पण तो विवाहितांसाठी होता. अविवाहित मुलामुलींच्या वाट्याला आला तो विज्ञानाच्या पुस्तकातला प्रजननसंस्थेचा धडा. माझ्या पिढीला तो कसा शिकवला गेला, हे माझ्या वयाच्या वाचकांना ठाऊक आहे. 'हा घरी वाचा, परीक्षेला येत नाही,' एवढे म्हणून आमचे सर पुढच्या धड्यावर गेले. परीक्षेला तो आला. आम्ही आकृतीतल्या भागांची नावे पाठ केली होती, तेवढी लिहिली.

त्या मौनाचा हिशेब पहिल्यांदा शास्त्रशुद्ध रीतीने मांडला गेला तोही विदर्भातच. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग 1986 पासून गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेतर्फे काम करू लागले. त्यांनी दोन गावांतल्या 650 स्त्रियांची तपासणी केली. त्यांत अविवाहित मुलीही होत्या. जानेवारी 1989 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्यांच्या निबंधाने जगातल्या आरोग्यतज्ज्ञांना खडबडून जागे केले : 92 टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, सरासरी एकीला साडेतीनहून अधिक, आणि याआधी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया फक्त 8 टक्के होत्या. दुखणे होते. ते सांगायची सोय नव्हती, आणि विचारणारे कुणी नव्हते.

या अभ्यासानंतर राणी बंग तरुण मुलामुलींकडे वळल्या. त्यांची 'तारुण्यभान' शिबिरे महाराष्ट्रभर गेली. माझ्या ओळखीच्या काही जणांनी आपली मुले त्यांना पाठवली. मुले परत आल्यावर घरात काय बोलतील, या धास्तीने आईबापच जास्त घाबरलेले असत. अशा शिबिरांत चिठ्ठीवर नाव न लिहिता प्रश्न विचारता येतो. हीच युक्ती 'समाजस्वास्थ्या'ने सत्तर वर्षांपूर्वी टपालाने केली होती. मुलांचे प्रश्न ज्यांनी कधी वाचले आहेत ते सांगतात, की त्यांत चाळवाचाळव थोडी आणि भीती पुष्कळ असते : माझ्यात काही बिघाड आहे का, मी पापी आहे का, माझ्यासोबत झाले ते माझ्या चुकीने झाले का. 1934 च्या न्यायालयात ज्या प्रश्नांना विकृत ठरवले गेले, ते या जातीचेच होते.

बंदी आणि चारित्र्य

म्हणजे 2007 मध्ये महाराष्ट्राकडे या विषयाची साधार, स्थानिक, मराठी परंपरा होती. खुद्द गांधींचा होकार होता. आंबेडकरांचे भाषण होते. गडचिरोलीचा पुरावा होता. एड्सच्या प्रसारात महाराष्ट्र देशातल्या सहा अतिजोखमीच्या राज्यांत होता, आणि किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आला तोच राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या सहभागाने. तरी त्या साहित्यातल्या चित्रांवर आणि शब्दांवर बोट ठेवून सगळा विषयच बाजूला सारला गेला. मध्य प्रदेश आणि कर्नाटकसह इतरही राज्यांनी तसेच केले. तिथली सरकारे वेगळ्या पक्षांची होती. पक्षांचे रंग निराळे, अडचण एक.

विरोधकांचे म्हणणे नीट मांडले पाहिजे, कारण ते सारेच वेडगळ नव्हते. शिक्षकांची तयारी नाही. दिल्लीत तयार झालेले साहित्य खेड्यातल्या शाळेत तसेच्या तसे उतरवले जाते. पालकांना विचारलेले नसते. नवनव्या साधनांची बाजारपेठ मागे उभी असते. यातला प्रत्येक मुद्दा साहित्य सुधारण्याच्या बाजूने जातो. बंदीच्या बाजूने एकही जात नाही. चुकीचा नकाशा छापला म्हणून भूगोल बंद करत नाहीत.

नागपूरकर म्हणून एक गोष्ट टाळता येत नाही. विरोधाच्या आघाडीवर असलेल्या शिक्षा बचाओ आंदोलनाचे दीनानाथ बत्रा हे विद्या भारतीचे जुने पदाधिकारी. विद्या भारती ही ज्या संघाच्या परिवारातली, त्याचे मुख्यालय आमच्या गावात आहे. पण सगळे त्यांच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे आणि खोटेही. महाराष्ट्रात बंदी घातली ती संघाच्या विरोधकांच्या सरकारने. संघाच्या विचाराबाहेरच्या कितीतरी घरांत त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला गेला, हे मी पाहिले आहे.

पुढे हा विषय राज्यसभेच्या याचिका समितीकडे गेला. समितीचे अध्यक्ष एम. व्यंकय्या नायडू होते. मार्च 2009 मध्ये अहवाल सादर झाला. शाळेत लैंगिक शिक्षण नको. एड्स वगैरेंची माहिती जीवशास्त्रात, तीही अकरावी-बारावीच्या आधी नको. लग्नाआधीचा संबंध अनैतिक व अनारोग्यकारक आहे हा संदेश द्यावा. संत, स्वातंत्र्यसेनानी, राष्ट्रपुरुष यांच्या चरित्रांवर आधारलेले चारित्र्यशिक्षण द्यावे, अशा त्याच्या शिफारशी होत्या.

अकरावी-बारावीपर्यंत थांबायचे! ज्या मुली तिथवर पोहोचतच नाहीत त्यांचे काय? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या जवळपास 22 टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. या मुलींसाठी समितीचे वेळापत्रक म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट. आणि राष्ट्रपुरुषांच्या चरित्रांचे म्हणाल तर, सेगावातल्या महात्म्याने 1936 मध्ये दिलेला सल्ला त्याच चरित्रात आहे. तोही वाचावा.

आज

नंतर चित्र अगदीच जागच्या जागी राहिले नाही. 2012 मध्ये बालकांच्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध पॉक्सो कायदा आला. केंद्राच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतले दोन शिक्षक, एक पुरुष आणि एक स्त्री, आरोग्यदूत म्हणून तयार करायचे ठरले. 2020 मध्ये त्याचे प्रशिक्षणसाहित्य आले. अकरा विषयांत प्रजनन आरोग्य आहे, स्त्री-पुरुष समानता आहे, हिंसेपासून सुरक्षितता आहे, इंटरनेटचा सावध वापर आहे. 23 सप्टेंबर 2024 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या अश्लील चित्रणाचा प्रश्न हाताळताना सर्वांगीण लैंगिक शिक्षणाची गरज सांगितली. अशा शिक्षणाने मुले बिघडतात हा गैरसमज आहे, असेही त्यात म्हटले आहे, आणि त्यासाठी महाराष्ट्रातल्या नऊशेहून अधिक किशोरवयीनांच्या एका अभ्यासाचा दाखला दिला आहे : ज्यांना प्रजनन व लैंगिक आरोग्याची शास्त्रीय माहिती मिळालेली नव्हती, त्यांच्यात लैंगिक संबंध लवकर सुरू होण्याची शक्यता अधिक आढळली. कर्वे आणि गांधीजी दोघांनीही आपापल्या कारणांनी मान डोलावली असती.

धोरणाच्या कागदात आता पुष्कळ आहे. वर्गात ते किती उतरले, हे मापण्याची माझी एक साधी पट्टी आहे, आणि ती मी 'समाजस्वास्थ्य' वाचून शिकलो. किती तास घेतले, किती शिक्षक प्रशिक्षित झाले, हे विचारू नये. मुलांनी किती प्रश्न विचारले, ते विचारावे. ज्या शाळेत वर्षभरात एकही प्रश्न आला नाही तिथे मुले निरागस आहेत, असे समजायचे कारण नाही. 2007 च्या अभ्यासातली गप्प राहिलेली मुलेही कुठल्या ना कुठल्या शाळेत, अंगणवाडीत, घराच्या ओसरीवर बसलेलीच होती.

म्हणून ज्या पालकांना, शाळाचालकांना किंवा आमदारांना हा लेख वाचून काही करावेसे वाटेल, त्यांना एवढेच सुचवतो. शाळेत कुलूप लावलेली एक पेटी ठेवा. दर पंधरवड्याला ती दोन शिक्षकांनी, शक्य तर एका डॉक्टरला सोबत घेऊन उघडावी. चिठ्ठी कुणाची हे शोधू नये. अक्षरावरून ओळखण्याचा प्रयत्न करू नये. प्रत्येक प्रश्न वर्गात वाचून दाखवावा आणि माहीत असेल तेवढे खरे उत्तर द्यावे. माहीत नसेल तर पुढच्या वेळी शोधून आणावे. एखाद्या चिठ्ठीतून मूल संकटात असल्याचे दिसले, तर ती मोठ्याने वाचू नये. मदत कुठे आणि कुणाकडे मिळेल, हे सगळ्या वर्गालाच सांगावे. खर्च एका पेटीचा आणि एका कुलपाचा. 1934 मध्ये या कामासाठी एका माणसाला न्यायालयात उभे राहावे लागले होते. आज त्यासाठी कुठल्याही मुख्याध्यापकाला फक्त सोमवारच्या वेळापत्रकात अर्धा तास काढावा लागेल.